पसाऱ्यावर तारीख घाला

प्रश्न : वडिलांची १९७० सालची फियाट ११०० मी गेली सात वर्षे कारेलीबागेतील घराच्या गॅरेजमध्ये सुट्टीच्या दिवशी उतरवतो आहे, जोडतो आहे आणि पुन्हा उतरवतो आहे. आमचा चौघांचा गट आहे. दर रविवारी एकाच्या घरी जमायचे, शेव-उसळ खायची आणि गाडीखाली शिरायचे, असा आमचा कार्यक्रम असतो. गटातील एकाकडे जुनी जीप आहे. त्याने गेल्या वर्षी गोत्रीला बंगला बांधला आणि गॅरेजला चकचकीत एपॉक्सीची जमीन, लाल रंगाची ड्रॉवरची ट्रॉली, फोममध्ये कापून बसवलेले पाने असा थाट केला. तेव्हापासून माझ्याकडे आला की तो म्हणतो, "अरे, यात गाडी कुठे आहे ते तरी दाखव." बाकीचे हसतात. माझे म्हणणे असे की मला माझ्या पसाऱ्यात सर्व सापडते, निदान सापडत असे. तीन वेळा आवरले आणि तिन्ही वेळा नंतर वस्तू सापडेनाशा झाल्या. गेल्या दिवाळीत सौ.ने माझ्या अपरोक्ष एक खोका भंगारात दिला. त्यात हेडलाइटच्या मूळ कड्या होत्या आणि त्यावरून आठ दिवस अबोला चालला. आता ती म्हणते की मुलीची स्कूटर ठेवायला सहा फूट जागा हवी आणि दिवाळीच्या आत निकाल लावा. मी मित्रासारखे गॅरेज करावे का? कपाटे आणि ट्रॉली मिळून लाखभर रुपये सांगतात. की पसारा हा हौशी माणसाचा स्वभावच असतो असे समजून गप्प बसावे?
पसाऱ्यातला एक, बडोदे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात एक पुस्ती आपण जाता जाता जोडली आहे आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्या पुस्तीत आहे. ‘मला माझ्या पसाऱ्यात सर्व सापडते’ असे लिहून पुढे आपण ‘निदान सापडत असे’ असे लिहिले आहे. हे प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि म्हणूनच मी आपल्याला मित्रासारखे गॅरेज करा असे सांगणार नाही आणि पसारा हा हौशी माणसाचा स्वभाव असतो असा दिलासाही देणार नाही. सात वर्षांपूर्वी जो पसारा आपल्या हाताला पाठ होता तो आज पाठ राहिलेला नाही. मधल्या काळात काय बदलले ते आधी पाहू.

गॅरेजमधला पसारा दोन जातींचा असतो, एक काम चालू असल्याचा आणि दुसरा काम थांबल्याचा. दाराशी उभे राहून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात आणि आपल्या मित्राची थट्टा दोन्हींना सारखीच लागू पडते, पण गाडीच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उतरवून एनॅमलच्या ट्रेमध्ये मांडला आहे असे समजा. डावीकडे झाकणाचे स्क्रू, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. मग गॅस्केट, फ्लोट, त्याची पिन, सुईचा व्हॉल्व्ह, मोठे जेट, धाकटे जेट आणि शेवटी उजव्या टोकाला बॉडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो भंगाराचा ट्रे वाटेल. जोडणाऱ्याला मात्र ते उजवीकडून डावीकडे वाचायचे वाक्य असते, आणि कोणी अगदी सद्हेतूने ते स्क्रू उचलून ‘स्क्रू’ असे लिहिलेल्या बरणीत टाकले तरी ते वाक्य पुसले जाते. असा पसारा आवरणे हा गाडीवर अन्याय आहे आणि तो ट्रे जेवणाच्या टेबलावर जरी असला तरी मी त्याची बाजू घेईन (आपल्या घरी हे वाक्य मोठ्याने वाचू नये).

आता हाच ट्रे चौदा महिन्यांनी पाहा. उरलेले पेट्रोल वाळून पितळेवर पिवळट लाखेसारखा थर बसलेला असतो, गॅस्केट सुकून तिच्या कडा वळलेल्या असतात, झाकणाचा एक स्क्रू मधल्या काळात आरशाच्या कामाला गेलेला असतो, आणि दोन्ही जेटांपैकी कोणते कुठले हे त्यांच्यावर कोरलेला बारीक आकडा भिंग घेऊन वाचल्याशिवाय सांगता येत नाही. जागा तीच, वस्तू त्याच, पण वाक्य कोणालाच वाचता येत नाही. हा थांबलेल्या कामाचा पसारा. सात वर्षांत असे किती ट्रे साचले असतील याचा अंदाज आपणच करावा. माझा अंदाज असा आहे की आपल्या गॅरेजमधली बहुतेक जागा गाडीने अडवलेली नसून अशा पाच-सहा अर्धवट कामांनी अडवलेली आहे.

म्हणून माझा मुख्य सल्ला एवढाच आहे की पसारा आवरायच्या आधी पसाऱ्यावर तारीख घाला. कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा प्रत्येक ट्रेवर, डब्यावर आणि पिशवीवर लावा, आणि त्यावर तीन गोष्टी लिहा : कोणते काम, कोणत्या तारखेला उघडले आणि कशावाचून अडले. उदाहरणार्थ, ‘कार्ब्युरेटर, १४ जून, सुईचा व्हॉल्व्ह झिजला, नवा आणणे.’ तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बहुतेक कामे अवघड म्हणून थांबत नाहीत, तर चाळीस रुपयांचा एखादा भाग आणायचा राहिला म्हणून थांबतात आणि मग तो भाग कोणता हेच विसरले जाते. तारखेला तीन महिने झाले की निर्णय घ्यायचा. भाग मिळाला असेल तर काम पुरे करा; नसेल तर आहे ते सर्व, झिजलेल्या व्हॉल्व्हसकट, पुन्हा जोडून ठेवा. अर्धवट का होईना, पण जोडलेला कार्ब्युरेटर बुटांच्या खोक्याएवढी जागा घेतो. सुटा केलेला कार्ब्युरेटर आख्खे टेबल घेतो आणि शिवाय हरवतो.

तारखेची सवय लागली की आपल्याला दिसेल की गाडीच्या कितीतरी वस्तूंवर तारखा आधीपासूनच असतात आणि आपण त्या वाचत नाही. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कोपऱ्यात रचून ठेवलेल्या टायरांपैकी निम्मे तरी या एका कसोटीवर बाहेर जातील. ब्रेक ऑइलची उघडलेली बाटली हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे तिचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणजे घाटात ब्रेक तापले असता नेमके नको तेव्हा ते दगा देते. गेल्या वर्षी उघडलेली बाटली कितीही भरलेली असली तरी ती गाडीत घालायच्या लायकीची राहिलेली नसते. रबरी सील, होज आणि पट्टे यांचेही तेच आहे. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले रबर लागते त्या दिवशी तडकलेले निघते.

आपण तीन वेळा आवरले आणि तिन्ही वेळा वस्तू हरवल्या, याचे कारण आता सांगता येते. मी अनेक वर्षे एका तंत्रशाळेच्या कर्मशाळेत शिकवले आणि मुलांना जपानी कारखान्यांतील ती प्रसिद्ध पाच पायऱ्यांची पद्धतही शिकवली. तिच्यातली पहिली पायरी ‘सेईरी’, म्हणजे निवड. दुसरी ‘सेईतोन’, म्हणजे मांडणी. हौशी माणूस नेहमी दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो, कारण डबे, कपाटे आणि हुक विकत घेणे हे निवडीपेक्षा फार सुखाचे काम आहे. आपणही तिन्ही वेळा आधी डबे आणले असणार. मग सर्व पाने पान्यांबरोबर, सर्व नट नटांबरोबर, सर्व वायर वायरींबरोबर असे रूप पाहून लावले असणार, आणि कामाप्रमाणे एकत्र असलेल्या वस्तू जातीप्रमाणे विखुरल्या गेल्या असणार. पसाऱ्याची आठवण हाताला असते आणि जागा हलली की हात आंधळा होतो. म्हणून या वेळी एकही डबा विकत न घेता आधी निवड करा, आणि चालू कामाच्या वस्तू त्या कामाच्याच ट्रेमध्ये राहू द्या, मग त्या ट्रेमध्ये पाना, बल्ब आणि चिंधी एकत्र नांदत असली तरी चालेल.

आता आपल्या मित्राविषयी. चकचकीत गॅरेज म्हणजे काम न करणारा माणूस, असे मनाचे समाधान आपण करून घेऊ नये. मी असे टर्नर पाहिले आहेत की ज्यांच्या लेथखाली संध्याकाळी एक कीस सापडत नसे आणि ज्यांच्या हातून दिवसभरात इतरांच्या दुप्पट काम उतरत असे. पण हेही खरे आहे की नीटनेटकेपणा हा काम टाळण्याचा फार सभ्य मार्ग असू शकतो. पसाऱ्याला निदान कोणीतरी नावे ठेवतो, रिकाम्या चकचकीत जमिनीला कोणी विचारत नाही की जीपचे बॉनेट शेवटचे कधी उघडले होते. त्यांच्याकडे काय आहे हे मला ठाऊक नाही आणि आपल्या पत्रावरून ते ठरवणे योग्यही नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला होता. तेथील गाड्या पाहून घरी परतलेल्या कितीतरी हौशी लोकांना त्या संध्याकाळी आपले गॅरेज नकोसे झाले असेल. हिरवळीवर फक्त गाडी येते. ज्या काळवंडलेल्या जमिनीवर ती घडली ती जमीन येत नाही.

तरीसुद्धा आपल्या मित्राची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे आणि ती म्हणजे त्यांचा फोम. तो दिसतो सुंदर म्हणून नव्हे. त्यात एक पाना नसला की त्याच्या आकाराची पोकळी दिसते म्हणून. आपली फियाट मूळची इटलीची, तिचे नट मिलिमीटरचे. त्यांची जीप अमेरिकी वंशाची, तिचे नट इंचाचे. रविवारी चौघे एकत्र काम करतात तेव्हा ही दोन कुळे एकमेकांत मिसळतात आणि तेथून खरा उपद्रव सुरू होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, हाताला बरा वाटतो, आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की नटाचे कोपरे गोल करून निसटतो. मग छिन्नी, हातोडी आणि सोललेली बोटे. नटांच्या डब्यातही तेच. आटे जवळजवळ सारखे असलेला इंची बोल्ट मिलिमीटरच्या भोकात दोन वेढे जातो आणि तिसऱ्याला आटे खाऊन टाकतो. म्हणून एक प्लायची फळी भिंतीला लावा, प्रत्येक पान्याभोवती ब्रशने रेघ मारून त्याची आकृती काढा, आणि फळीची अर्धी बाजू एका रंगाची व अर्धी दुसऱ्या रंगाची करून इंच आणि मिलिमीटर यांची कायमची फारकत करा. पान्याच्या दांड्यालाही त्याच रंगाचा एक ठिपका द्या, म्हणजे रविवारी संध्याकाळी कोणाचा पाना कोणाच्या पिशवीत गेला हे निरोपाच्या आधी कळेल.

मात्र त्या फळीवर एक जागा रिकामी राहिली तरी मला चालेल. माझे पहिले मास्तर सयाजीरावांच्या कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेत, शिकलेले होते. काम संपवून निघताना ते सर्व अवजारे पुसून जागेवर ठेवीत, पण एक पाना मुद्दाम मागे ठेवीत, दुसऱ्या दिवशी पहिला जो नट फिरवायचा त्या नटाशेजारी. सकाळी आल्यावर विचार करायला लागू नये, हात आपोआप कामाला लागावा, हा त्यांचा हेतू असे. आपण आठवड्यातून एकदाच गाडीला हात लावता. सहा दिवसांनी कुठे होतो हे आठवण्यातच आपला रविवारचा पहिला तास जात असेल. तो तास वाचवायचा असेल तर फळीवरची रिकामी आकृती आणि नटाशेजारचा पाना यांची जोडी फार उपयोगी पडते.

आतापर्यंतचे सर्व रुचीचे आणि सवयीचे झाले. पण गॅरेजमध्ये काही गोष्टी अशा आहेत की ज्यांत रुचीला जागा नाही, आणि आपण बडोद्यात राहता म्हणून पहिली गोष्ट उंचीची सांगतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट असताना पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते हे कारेलीबागेतील माणसाला मी सांगायला नको. माझे स्वतःचे गॅरेज तेव्हा अगदी आदर्श होते. चाकांची ट्रॉली, खालच्या ड्रॉवरमध्ये जड अवजारे, बाकाखाली जुन्या इंजिन ऑइलची बादली, तिच्यावर झाकण नाही. पाणी गुडघ्याच्या वर आले, बादली तरंगली, कलंडली, आणि चार-पाच लिटर काळे तेल संपूर्ण पाण्यावर पातळ पसरले. पाणी ओसरताना ते तेल भिंतीवर, दारावर, गाडीच्या दारांच्या आतील कापडावर एकेक बोट खाली उतरत गेले आणि प्रत्येक बोटावर आपली रेघ ठेवून गेले; दोनदा रंग देऊनही तो पट्टा अजून वर येतो. ट्रॉलीचे नीट बसणारे ड्रॉवर पाण्याने भरले आणि नीट बसणारे असल्यामुळेच ते पाणी त्यांतच राहिले. आणि ज्या माळ्यावरच्या अडगळीबद्दल मी दरवर्षी बोलणी खात असे, ती तेवढी कोरडी राहिली. पुराने नीटनेटके कोणते आणि विस्कटलेले कोणते हे पाहिलेच नाही; वर काय आणि खाली काय, एवढेच पाहिले. टायरांच्या ढिगातून नंतर एक भली मोठी धामण निघाली, हे आपल्या सौ.ना सांगायचे की नाही ते आपण ठरवा. ज्या शहरात पुराच्या वेळी मगरी सोसायट्यांत शिरतात तेथे कोपऱ्यातल्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठी घालणे हेही आवरण्याच्या पद्धतीत बसते.

यातून एक सोपा नियम निघतो. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत भिजले तरी चालेल असेच ठेवावे : जॅक, स्टँड, चालू टायर. बाकी सर्व त्याच्या वर, भिंतीला घट्ट बोल्ट केलेल्या लोखंडी अँगलच्या रॅकवर, जड वस्तू छातीच्या उंचीला आणि हलक्या वर. आणि गंमत अशी की हा नियम पाळला की जमीन मोकळी होते, म्हणजे सौ.ना हवी असलेली सहा फूट जागा आपल्याला वेगळी शोधावी लागत नाही. स्कूटरपुरती जागा जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारून ठरवा आणि त्या रेघेच्या आत एक वॉशरसुद्धा ठेवू नका. स्कूटर विजेची असेल आणि तेथेच चार्ज होणार असेल, तर पेट्रोलचे कोणतेही काम त्या वेळी गॅरेजमध्ये करायचे नाही.

कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीवरून पसरते आणि एखाद्या साध्या प्लगच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. भाग धुवायला पेट्रोलचा ट्रे उघडा ठेवण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडा. डिझेलने तेच काम होते, थोडे हळू होते इतकेच. १९३४ चा पेट्रोलियम कायदा घरच्या वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवू देतो, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात किंवा एक लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या काचेच्या बाटलीत. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या त्यात बसत नाहीत. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते ओलावा ओढते आणि जुन्या गाडीच्या रबराला मानवत नाही, तेव्हा साठवून आपला काही फायदाही नाही. रेडिएटरचे कूलंटही शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे असते, आणि बाटली मुलाच्या किंवा कुत्र्याच्या हाती लागायला वेळ लागत नाही. जुने तेल झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला माल देणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्या, गटारात नको. बॅटरी चार्ज करताना दार उघडे, इंजिन चालू करताना तर गाडीच बाहेर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, चौघांपैकी कोणीही, शिरायचे नाही. घोड्या (म्हणजे गाडी पेलणारे स्टँड) लावल्याशिवाय शेव-उसळच वाढू नका म्हणजे हा नियम पाळला जाईल.

दिवाळीच्या साफसफाईबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. आपल्या गाडीच्या काळातील ब्रेक लायनिंगमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आत जी राखाडी भुकटी असते ती झाडूने झाडायची नाही, तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकायची नाही. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बांधून टाकायचे. सौ. किंवा घरकामाच्या बाई सणापूर्वी त्या कोपऱ्यात झाडू घेऊन जाणार असतील तर आधी आपण ओले फडके घेऊन जा.

आणि त्या भंगारात गेलेल्या खोक्याबद्दल : हेडलाइटच्या कड्या गेल्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण दोष सौ.चा नाही. खोक्यावर काही लिहिले होते का? नसेल, तर ज्या माणसाला कड्या ओळखता येत नाहीत त्याच्या दृष्टीने तो गंजलेल्या पत्र्याचा खोका होता, आणि घरात गंजलेल्या पत्र्याचे जे होते तेच त्याचे झाले. आपण आठ दिवसांत ही गोष्ट तिला सांगितली नसेल तर आता सांगा, उशिरा का होईना. त्याचबरोबर तिला हेही समजावून सांगा की सर्वच जुने भाग भंगार नसतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे, ती नोंदणी दहा वर्षे चालते, आणि तिची एक मुख्य अट अशी की गाडीचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ रूपापासून फारसे बदललेले नसावे. आपली गाडी वयात बसते. म्हणून मूळ कड्या, मूळ मीटर, मूळ हँडल, काचेच्या मूळ पट्ट्या यांची एकच वेगळी पेटी करा, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘मूळ भाग, देऊ नये’ असे लिहा आणि ती माळ्यावर सर्वांत वर ठेवा. झिजलेल्या क्लच प्लेट, खडखडणारे बेअरिंग, वितळलेले पॉइंट यांना मात्र मूळ म्हणून पूजेत बसवू नका. नमुना म्हणून एक ठेवा, बाकीचे जाऊ द्या. आणि जाऊ द्यायचा तो खोका सौ.च्याच हातात द्या, त्याने अबोल्याची भरपाई पुष्कळ होते.

लाखभर रुपयांचे कपाट घेऊ नये हे माझे मत आपल्या लक्षात आलेच असेल. एक रॅक, एक प्लायची फळी, दोन घोड्या, झाकणाचा लोखंडी डबा, दाराशी हाताच्या अंतरावर टांगलेले पावडरचे अग्निशामक नळकांडे आणि चिकटपट्टीचे चार रोल, हे सर्व माझ्या अंदाजाने त्याच्या आठव्या हिश्शात बसावे. उरलेल्या पैशांत गाडीचे जे भाग अडलेले आहेत ते आणा. पसाऱ्याचा मोठा हिस्सा त्यांच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला आहे. येत्या रविवारी सगळे गॅरेज उपसायला घेऊ नका, नाहीतर चौथ्यांदा तेच होईल. गटाला बोलवा, गाडीखाली शिरू नका, आणि चौघे मिळून फक्त चिठ्ठ्या लावा. त्या जीपवाल्या मित्राला मुद्दाम लेखनिक करा. प्रत्येक ट्रे काय आहे ते आपल्याला त्याला सांगावे लागेल, आणि जेथे आपल्याला सांगता येणार नाही तेथे दोघांनाही एकदमच कळेल. लिहायला पक्क्या शाईचा जाड मार्कर घ्या, तेलकट हातात साधे बॉलपेन उठत नाही, आणि तो मार्कर सुतळीने रॅकला बांधून ठेवा. गॅरेजमध्ये सर्वांत आधी तोच हरवतो.